पाच आठवडे पहिला क्रमांक, आणि त्यानंतर : ग्रेचन विल्सनच्या कारकिर्दीतून समजणारा कंट्री रेडिओ

२००४ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील कंट्री संगीताच्या, म्हणजे तिकडच्या ग्रामीण जीवनातून आलेल्या गाण्यांच्या, यादीत एक गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि पाच आठवडे तेथून हलले नाही. गाणारी ग्रेचन विल्सन तेव्हा तिशीत होती, श्रोत्यांपुढे आलेले तिचे ते पहिलेच गाणे होते, आणि त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ स्वतःच्या एकटीच्या नावावर गाणाऱ्या कोणत्याही स्त्रीला त्या जागी पोहोचता आले नव्हते. ते गाणे ज्या अल्बमात होते, त्याच्या पन्नास लाख प्रती गेल्या. फेब्रुवारी २००५ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला सर्वोत्कृष्ट गायिका ठरवले. मात्र २००७ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या अल्बममधील एकही गाणे पहिल्या तिसांतही शिरले नाही, आणि २००९ मध्ये तिच्या आणि रेकॉर्ड कंपनीच्या वाटा वेगळ्या झाल्या. शिखर ते निरोप हा सगळा प्रवास पाच वर्षांत उरकला.

अशा उताराची कारणे सांगायला कोणालाच वेळ लागत नाही. दुसरा अल्बम फसला, डोक्यात हवा गेली, लोकांना कंटाळा आला, अशी कारणे तयारच असतात. त्यांतील काही ग्रेचनच्या बाबतीत थोडीफार खरीही आहेत. पण ती एवढेच सांगतात की एक गायिका मागे का पडली; तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कितीतरी गायिका जवळजवळ त्याच वयात आणि त्याच वळणावर मागे का पडल्या, हे त्यांतून कळत नाही. ते कळण्यासाठी अमेरिकेतील कंट्री रेडिओ आतून कसा चालतो हे पाहावे लागते, आणि त्यासाठी ग्रेचनची कारकीर्द फार सोयीची आहे, कारण तिच्यात चढही इतका स्वच्छ आहे आणि उतारही इतका उघडा आहे की यंत्राचे दाते मोजता येतात.

आधी बाईंची ओळख करून घेऊ. ग्रेचनचा जन्म २६ जून १९७३ चा, इलिनॉय राज्यातील पोकाहॉन्टस या सेंट लुइसच्या पूर्वेकडील लहानशा गावातला. आई सोळा वर्षांची. वडील मुलगी दोन वर्षांची असतानाच सोडून गेले. बालपण ट्रेलर पार्कमध्ये गेले, म्हणजे चाकांवर आणून ठेवलेल्या पत्र्याच्या घरांच्या वस्तीत, जिथे भाडे थकले की बिऱ्हाड हलवावे लागते. नववीत शाळा सुटली. चौदाव्या वर्षी ती गावाबाहेरच्या एका गुत्त्यात स्वयंपाकाला लागली आणि थोड्याच दिवसांत गल्ला आणि गिऱ्हाईक दोन्ही सांभाळू लागली. त्या गुत्त्याच्या फळीमागे बारा बोअरची भरलेली दुनळी बंदूक ठेवलेली असे, हे तिने पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे. बंदुकीचा हा तपशील प्रसिद्धीसाठी भरपूर वापरला गेला. मला मात्र त्यामागचे दुसरे वास्तव अधिक महत्त्वाचे वाटते : ज्या वयात मुली शाळेच्या स्नेहसंमेलनात गातात, त्या वयात ही मुलगी दारू प्यायलेल्या माणसांच्या गलक्यात, त्यांना गप्प बसवेल अशा आवाजात गायला शिकत होती.

१९९६ साली ती टेनेसीतील नॅशव्हिलला आली. कंट्री संगीताच्या रेकॉर्ड कंपन्या, गीतप्रकाशक आणि ध्वनिमुद्रणाची स्टुडिओ या एका शहरात इतकी एकवटलेली आहेत की कंट्री गायक होणे म्हणजे बहुतेकदा नॅशव्हिलला जाऊन थांबणे. ग्रेचनही थांबली. प्रिंटर्स ॲली या जुन्या गल्लीतील बारमध्ये ती पेले भरत असे आणि वाद्यवृंदाबरोबर गातही असे. कंपन्यांचे दरवाजे तिने ठोठावले, आणि नकार पचवले. वय, दिसणे आणि वागणे यांपैकी काहीच त्या वेळच्या साच्यात बसत नव्हते. तिथे तिची गाठ बिग केनी आणि जॉन रिच या दोन गीतकार-गायकांशी पडली. त्यांनी आणखी दोघांबरोबर २००१ च्या अखेरीस दर मंगळवारी एका छोट्या पबमध्ये जमून हवे ते गाण्याचा परिपाठ सुरू केला होता आणि त्या टोळक्याला म्युझिकमाफिया असे नाव दिले होते. ग्रेचन त्यात मिसळली.

ते गाणे कसे जन्मले याची हकिकत ती आणि रिच दोघेही सांगत आले आहेत. दोघे दूरचित्रवाणीवर कंट्री गाण्यांची चित्रणे पाहत बसले होते. फेथ हिल ही त्या वेळची अग्रगण्य गायिका रेशमी चादरींत लोळत गात होती. ग्रेचनने म्हटले की मला हे जमणार नाही, मी तशी बाईच नाही. मग तू कशी आहेस, या प्रश्नाच्या उत्तरातून गाणे आले : ‘रेडनेक वुमन’.

या शब्दाचा अर्थ समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. रेडनेक म्हणजे शब्दशः लाल मानेचा. शेतात वा रस्त्यावर उन्हात राबून ज्याची मान भाजून निघाली आहे असा गोरा, गरीब, ग्रामीण माणूस. शहरी तोंडात ती शिवी आहे. आपण ‘गावंढळ’ म्हणतो त्याहून एक पायरी खालची. गाण्यातील बाई सांगते की मी बार्बी बाहुली नाही, महागड्या दुकानातील अंतर्वस्त्रांसारखीच वस्तू मला वॉलमार्टच्या फळीवर निम्म्या भावात मिळते, आणि नाताळचे दिवे मी ओसरीवर वर्षभर लावलेलेच ठेवते. जी शिवी होती ती तिने पदवीसारखी मिरवली. ध्रुपदात ती ऐकणाऱ्या बायकांना आपल्याबरोबर ओरडायला सांगते, आणि कार्यक्रमांत त्या ओरडतही असत. आपल्या घराची, पगाराची आणि कपड्यांची लाज बाळगायला शिकवलेल्या लक्षावधी स्त्रियांना कोणीतरी रेडिओवरून मान वर करायला सांगत होते. गाणे इतके चालले याचे पहिले कारण हेच, आणि ते पूर्णपणे तिचे स्वतःचे आहे.

दुसरे कारण मात्र तिच्या हातचे नव्हते. त्या क्षणी जागा रिकामी होती.

ही ‘जागा’ काय असते ते आता पाहू. अमेरिकेतील इतर संगीतप्रकारांपेक्षा कंट्री संगीत रेडिओवर फार जास्त अवलंबून राहिले, कारण त्याचा श्रोता मोटारीत, ट्रकमध्ये आणि कामाच्या जागी ऐकणारा होता. बिलबोर्ड या साप्ताहिकाची कंट्री गाण्यांची मुख्य यादी १९९० पासून २०१२ च्या शरद ऋतूपर्यंत केवळ रेडिओवरील वाजण्यावरून ठरत असे. संगणकीय यंत्रणा केंद्रांची प्रसारणे ऐकून कोणते गाणे किती वेळा वाजले ते टिपत असे. म्हणजे गाणे पहिल्या क्रमांकावर आहे याचा अर्थ ते सर्वांत जास्त विकले गेले असा नव्हता, तर केंद्रे ते सर्वांत जास्त वाजवत आहेत असा होता. हा भेद नीट लक्षात ठेवावा लागतो, कारण ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यात दरी पडू शकते आणि यादी फक्त वाजवणाऱ्याचे मत सांगते.

वाजवायचे काय हे ठरवणारी माणसे थोडी असतात, आणि १९९६ नंतर ती आणखी थोडी झाली. त्या वर्षीच्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती रेडिओ केंद्रे असावीत यावरची मर्यादा काढून टाकली. आधी ती चाळीस होती. काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे सुमारे बाराशे केंद्रे जमा झाली. पूर्वी एखाद्या गावच्या निवेदकाला गाणे आवडले तर तो ते वाजवायचा आणि शेजारच्या गावात त्याची हवा पसरायची. आता अनेक केंद्रांची यादी एका कार्यालयातून ठरू लागली. याद्या लहान झाल्या, जोखीम नकोशी झाली, आणि सल्लागारांचे महत्त्व वाढले.

सल्लागार संशोधन करून सल्ला देतात, आणि ते संशोधन पाहण्यासारखे आहे. ठरावीक वयोगटातील श्रोत्यांना दूरध्वनी करून एकेका गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवतात आणि आवडले, नावडले, कंटाळा आला, ओळखीचे नाही अशी उत्तरे नोंदवतात. ज्या गाण्याला चांगले गुण मिळतात ते दिवसातून अधिक वेळा वाजते, ज्याला वाईट मिळतात ते रात्री उशिरा ढकलले जाते आणि मग गळते. पद्धत शास्त्रीय दिसते, पण तिच्या बुडाशी एक चक्र आहे. काही सेकंदांच्या तुकड्याला चांगले गुण त्याच गाण्याचे येतात जे आधीपासून ओळखीचे आहे. ओळखीचे तेच होते जे पुष्कळ वाजले आहे. स्त्रियांची गाणी कमी वाजली की ती कमी ओळखीची राहतात, कमी ओळखीची म्हणून चाचणीत मागे पडतात, आणि मागे पडली म्हणून आणखी कमी वाजतात. शेवटी सल्लागार कागद दाखवून म्हणतो की आमच्या स्त्री-श्रोत्यांना स्त्रियांचे आवाज आवडत नाहीत, पाहा, आकडेच सांगतात.

या जोडीला केंद्रांत एक अलिखित नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे : दोन स्त्रियांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत. दोन पुरुषांची, पाच पुरुषांची, दहा पुरुषांची लागोपाठ लागली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. या नियमाचा परिणाम आकड्यांत मांडून पाहा. समजा, एका केंद्राच्या चालू यादीत तीस गाण्यांना जागा आहे आणि त्यांपैकी चार स्त्रियांना सुटल्या आहेत. त्या चारांपैकी दोन तरी प्रस्थापित गायिकांनी अडवलेल्या असतात. उरलेल्या दोन जागांसाठी नव्या मुली, मधल्या फळीतील बायका आणि पुनरागमन करू पाहणाऱ्या ज्येष्ठ अशा सगळ्याजणी एकमेकींशी झगडतात. पुरुष गायक सव्वीस जागांसाठी पुरुषांशी स्पर्धा करतो. गायिकेची स्पर्धा सगळ्या गाण्यांशी नसतेच, ती फक्त दुसऱ्या गायिकेशी असते. एक आत आली की एक बाहेर जाते.

२००४ च्या सुरुवातीला या थोड्या जागांपैकी बऱ्याच अचानक मोकळ्या होत्या. शनाया ट्वेन या गायिकेचे राज्य ओसरत आले होते. फेथ हिलने २००२ मध्ये पॉप वळणाचा अल्बम काढल्यावर कंट्री केंद्रांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. आणि सर्वांत मोठी पोकळी डिक्सी चिक्स या तीन स्त्रियांच्या समूहाने मागे ठेवली होती. १० मार्च २००३ रोजी, इराकवरील हल्ल्याच्या तोंडावर, लंडनच्या कार्यक्रमात त्यांच्या मुख्य गायिकेने अध्यक्ष बुश आपल्याच टेक्सासचे असल्याची लाज वाटते असे म्हटले. ही बातमी अमेरिकेत पोहोचताच केंद्रांनी त्यांची गाणी काढून टाकली. क्युम्युलस या कंपनीने आपल्या बेचाळीस कंट्री केंद्रांवर तीस दिवसांची बंदीच घातली. त्या वेळी देशातील सर्वांत लोकप्रिय असलेला स्त्री-समूह काही आठवड्यांत रेडिओवरून नाहीसा झाला. एका वाक्यापायी एवढे होऊ शकते, हे नॅशव्हिलमधील प्रत्येक गायिकेने तेव्हा पाहून ठेवले.

अशा वेळी सोनी या रेकॉर्ड कंपनीच्या नॅशव्हिल शाखेचे प्रमुख जॉन ग्रेडी यांनी ग्रेचनला ऐकले आणि एपिक या छापाखाली, म्हणजे कंपनीच्याच एका उपनावाखाली, करारबद्ध केले. पुढचा चढ वर सांगितलाच आहे. पहिल्या अल्बममधून रेडिओसाठी काढलेली चारही गाणी पहिल्या पाचांत गेली, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण एका गाण्याची गायिका म्हणून तिला मोडीत काढणे त्यामुळे खोटे ठरते. त्यांतील एक संथ, जुन्या वळणाचे, स्टील गिटारच्या आधाराने जाणारे, नवऱ्याशी प्रतारणा करण्याचा विचार मनात येऊन परत फिरणाऱ्या बाईचे गाणे आहे. ते ऐकल्यावर कळते की हा गळा नुसता ओरडणारा नाही. स्वर धरून ठेवून शेवटी किंचित मोडण्याची जुनी हॉन्की-टॉन्क, म्हणजे बारमधल्या कंट्री गाण्याची, पद्धत तिला पक्की येते. माझ्या मते तिचे सर्वोत्तम काम तेच आहे.

दुसरा अल्बम सप्टेंबर २००५ मध्ये आला, पहिल्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांनी. तो थेट बिलबोर्डच्या सर्व प्रकारांच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर उतरला. पहिल्याला हे जमले नव्हते. तो दुसऱ्या क्रमांकावर आला होता. म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणारा श्रोता अजून तिच्याबरोबर होता. रेडिओवर मात्र शीर्षकगीत आठव्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबले आणि त्यानंतरची तीन गाणी विसाच्या पलीकडेच अडकली. त्यांतील एक तिने मर्ल हॅगार्ड या दिग्गजासोबत गायले होते, आणि तरीही केंद्रांना त्याचे अप्रूप वाटले नाही.

येथे सगळा दोष यंत्रावर टाकणे मला प्रामाणिक वाटत नाही. दुसऱ्या अल्बममधील शीर्षकगीत हे पहिल्या गाण्याची उजळणी आहे : पुन्हा बार, पुन्हा दारू, पुन्हा दंगा. पहिले गाणे म्हणजे एका माणसाने तीस वर्षे गिळलेले एका दमात बोलून टाकणे होते. असे बोलणे एकदाच होते. सोळा महिन्यांत, सतत दौऱ्यावर असताना, त्याच तोलाचे दुसरे काही सापडणे अवघडच होते. पण कंपनीला ती प्रतिमाच हवी होती, कारण तीच विकली गेली होती. गायिकेची ओळख एकदा ‘ती रेडनेक बाई’ अशी झाली की तिचे हळवे गाणे केंद्राला ‘तिचे’ वाटत नाही आणि तिचे दंग्याचे गाणे ‘तेच ते’ वाटते.

त्या प्रतिमेचे ओझे किती प्रकारांनी अंगावर येत असे याचा एक नमुना सांगतो. दुसऱ्या अल्बममध्ये एक गाणे होते, जीन्सच्या मागच्या खिशात तंबाखूची डबी बाळगून कापडावर उमटणाऱ्या गोल डागाविषयी. असा डाग असलेला पुरुष गाण्यातल्या बाईला भावतो. ते गाताना ग्रेचन मंचावर खिशातून डबी काढून उंच धरत असे. टेनेसीच्या ॲटर्नी जनरलनी २००५ साली पत्र लिहून तिला विचारणा केली की तुमच्या कार्यक्रमांना मुलेही येतात, हे तंबाखूची जाहिरात केल्यासारखे होत नाही का. तिने डबी न दाखवण्याचे मान्य केले आणि प्रकरण मिटले. प्रकरण लहान होते; पण ज्या उद्धटपणासाठी तिला डोक्यावर घेतले होते, तोच आता जपून वापरायची वेळ आली होती.

त्याच सुमारास कंपनीत उलथापालथ झाली. सोनी आणि बीएमजी या दोन रेकॉर्ड कंपन्यांचे २००४ मध्ये विलीनीकरण झाले होते, आणि त्याचे धक्के नॅशव्हिलला पोहोचून २००६ मध्ये ग्रेडी यांना जावे लागले. ग्रेचन एपिकवरून कोलंबिया या दुसऱ्या छापाखाली गेली. बाहेरच्या माणसाला हे केवळ पाटी बदलणे वाटेल, पण गाणे केंद्रांवर पोहोचवणारी माणसे कंपनीचीच असतात. प्रत्येक केंद्राच्या प्रमुखाला फोन करणे, या आठवड्यात हे गाणे घ्या म्हणून आर्जव करणे, गायकाला घेऊन गावोगावच्या केंद्रांत जाणे, तिथे बैठकीच्या खोलीत एका गिटारवर दोन गाणी म्हणायला लावणे आणि मग सगळ्यांसोबत जेवणे, हे सगळे प्रसिद्धी विभाग करतो. या विभागाकडे एका वेळी ठरावीकच गाण्यांवर जोर लावण्याइतकी माणसे आणि पैसा असतो. ज्या साहेबाने आणले तो गेला की नव्या साहेबाला आपली माणसे पुढे करायची असतात. हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्याला समजावून सांगायला नको.

आणि दारात नव्या मुली उभ्या होत्या. कॅरी अंडरवुडने मे २००५ मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’ ही दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये तिचा पहिला अल्बम आला. मिरांडा लॅम्बर्टचा मोठ्या कंपनीकडील पहिला अल्बम त्याच वर्षी मार्चमध्ये आला होता. ऑक्टोबर २००६ मध्ये सोळा वर्षांच्या टेलर स्विफ्टचा पहिला अल्बम आला. कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गायिकेचा मान २००५ मध्ये ग्रेचनला मिळाला आणि २००६ मध्ये तो कॅरी अंडरवुडकडे गेला. या तिघी गुणी आहेत यात शंका नाही. पण जिथे तीसपैकी चारच जागा असतात तिथे तीन गुणी मुली आल्या म्हणजे चौथीने उठायचे असते. त्याच काळात पुरुष गायकांची नवी फळी आली तेव्हा जुन्या पुरुषांना अशी जागा सोडावी लागली नाही. चाळिशी-पन्नाशीचे गायक आणि पंचविशीचे गायक एकत्र नांदत राहिले. २०१९ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ ते २०१८ या पाच वर्षांतील लोकप्रिय कंट्री गाण्यांचा अभ्यास केला, तेव्हा आघाडीच्या पुरुष गायकांचे सरासरी वय ४२ आणि आघाडीच्या गायिकांचे २९ निघाले. ग्रेचनचे पहिले गाणेच तिशीतले. म्हणजे या हिशेबाने ती सुरुवात करतानाच उशिरा आली होती.

२००७ च्या तिसऱ्या अल्बमचे काय झाले ते आरंभी सांगितले. मात्र तेव्हाही अल्बम म्हणून त्याने पहिल्या आठवड्यात कंट्री विभागात पहिला आणि एकूण यादीत पाचवा क्रमांक गाठला होता. रेडिओने सोडलेल्या गायिकेचा अल्बम पाचव्या क्रमांकावर येतो, याचा अर्थ दारे दोन आहेत, आणि बंद झाले ते एकच. पण रेडिओचे दार बंद झाले की दुसऱ्या दारातून येणारी माणसे दर अल्बमागणिक कमी होत जातात. नवे गाणे आले आहे हे त्यांना कळणार कुठून?

तिच्यानंतर ही व्यवस्था सुधारली नाही, उलट आवळत गेली. ओटावा विद्यापीठातील संशोधक जेडा वॉटसन यांनी मीडियाबेस या रेडिओवरील वाजणे मोजणाऱ्या कंपनीच्या वार्षिक अहवालांवरून काढलेल्या आकड्यांनुसार, वर्षभरात सर्वाधिक वाजलेल्या कंट्री गाण्यांत स्त्रियांचा वाटा २००० साली ३३.३ टक्के होता, तो २०१८ मध्ये ११.३ टक्क्यांवर आला. २०१५ मध्ये कीथ हिल या रेडिओ सल्लागाराने एका व्यवसायविषयक नियतकालिकाला उघडपणे सांगितले की श्रोतृसंख्या वाढवायची असेल तर स्त्रियांची गाणी काढा. आमच्या सॅलडमधील पाला म्हणजे पुरुष गायक, आणि स्त्रिया म्हणजे वर घातलेले टोमॅटो, अशी उपमाही त्याने दिली. त्यावर मोठा गहजब झाला. मार्टिना मॅकब्राइड या ज्येष्ठ गायिकेने टोमॅटो शब्द छापलेले टीशर्ट विकायला काढले. पण व्यवसायातल्या जाणकारांना यात नवे काही नव्हते. बंद खोलीत रोज जे बोलले जाते ते एकाने छापू दिले, एवढेच. जानेवारी २०२० मध्ये सीएमटी या वाहिनीने गाण्यांच्या चित्रणांत स्त्री-पुरुषांना समान वेळ देण्याचे जाहीर केले. रेडिओ कंपन्यांनी तो कित्ता गिरवला नाही.

पैशाचा भाग राहिला, आणि तो अनेकांना चकित करतो. अमेरिकेत जमिनीवरील रेडिओ केंद्रे गाणे वाजवल्याबद्दल गीतकाराला आणि गीतप्रकाशकाला मानधन देतात, पण गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला काहीही देत नाहीत. युक्तिवाद असा की रेडिओ ही गायकाची फुकट जाहिरात आहे. म्हणून गाणे लाखो वेळा वाजले तरी केवळ गाणाऱ्याच्या हातात त्यातून छदाम पडत नाही. त्याने कमवायचे ते कार्यक्रमांतून आणि विक्रीतून, आणि विक्रीतूनही कंपनीने दिलेली उचल, ध्वनिमुद्रणाचा खर्च वगैरे वळते झाल्यावर. ग्रेचनने ते पहिले गाणे रिचसोबत स्वतः लिहिले होते. त्यामुळे ते जेव्हा जेव्हा वाजते तेव्हा गीतकार म्हणून तिचा वाटा तिला मिळतो. गुत्त्याच्या गल्ल्यावर हिशेब शिकलेल्या बाईच्या हातून घडलेली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट, मग ती ठरवून घडलेली असो वा नसो.

२००८ साली, चौतिसाव्या वर्षी, तिने शाळेची राहिलेली परीक्षा दिली. अमेरिकेत शाळा अर्धवट सोडलेल्या प्रौढांसाठी जीईडी ही समकक्ष परीक्षा असते. तिने टेनेसीतील प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अभ्यास केला, उत्तीर्ण झाली, आणि पुढे प्रौढ शिक्षणाला निधी मिळावा म्हणून वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींपुढे बाजूही मांडली. तिची गाणी यादीतून घसरत होती तेच हे दिवस, आणि तिच्या घसरणीचे वृत्तान्त लिहिणारे बहुधा हे पान उलटून पुढे जातात.

२००९ मध्ये कंपनी सुटल्यावर तिने रेडनेक रेकॉर्ड्स या नावाने स्वतःची कंपनी काढली. स्वतःच्या पैशाने काढलेले पहिले गाणे अठराव्या क्रमांकापर्यंत गेले, म्हणजे मोठ्या कंपनीने तिसऱ्या अल्बममधील गाण्यांना जिथवर पोहोचवले त्याहून बरेच वर. त्यानंतर यादीतील क्रमांक जवळपास संपले. अल्बम येत राहिले, २०१३ मध्ये तर एकाच वर्षात तीन आले, आणि जत्रा, मोटारसायकलस्वारांचे मेळावे, कसिनोंची सभागृहे अशा ठिकाणी तिचे कार्यक्रम होत राहिले.

मे २०२५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘द मास्क्ड सिंगर’ या स्पर्धेचे तेरावे पर्व संपले. या स्पर्धेत गाणारा डोक्यापासून पायापर्यंत वेशात झाकलेला असतो आणि ऐकणाऱ्यांना फक्त आवाजावरून मत द्यावे लागते. त्या पर्वात मोत्याचा वेश घेतलेली गायिका जिंकली, आणि शेवटी मुखवटा उतरवला तेव्हा आत एक्कावन्न वर्षांची ग्रेचन विल्सन होती.